डॉलरदेवीची अंघोळ

मुरलीकृष्णाच्या हातून आयुष्यात फारशी मोठी कामं झाली नव्हती, आणि जी झाली त्यांचा त्याला पुढे पश्चात्तापच झाला. भोगीच्या दिवशी त्यानं देवीला अंघोळ घातली, हे त्यातलं सगळ्यात ताजं.

भोगी म्हणजे पोंगलचा आदला दिवस. तंजावरात, तिथल्या मुरलीसारख्या मराठी कुटुंबांतही, त्या दिवशी घरातलं जुनंपानं बाहेर काढतात, झाडतात, पुसतात, उरलेलं जाळतात. मुरलीची बायको सरोजा दिवस भरत आलेलं पोट सांभाळत खुर्चीत बसली होती आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती. पंखे पुसून झाले, खिडक्या झाल्या, गॅसच्या शेगडीमागची भिंतसुद्धा झाली. मग मुरली देवघराकडे वळला. तिथे सगळ्यात मळकट कोण असेल तर ती देवी.

ही देवी म्हणजे एक नाणं. अमेरिकेचा चांदीचा डॉलर. मुरलीच्या पणजोबांना, तुळजाराम रावांना, तो नागपट्टणच्या बंदरात एका गोऱ्या खलाशानं दिला होता. खलाशाला पडसं झालं होतं. पणजोबांनी त्याला मिरियांचं सार पाजलं. तो बरा झाला आणि त्यानं खिशात हात घातला. घरी आणून बघतात तर नाण्यावर मुकुट घातलेली बाई. पणजोबांनी फार विचार केला नाही. मुकुट आहे, पैशावर बसली आहे, म्हणजे लक्ष्मी. झालं.

तेव्हापासून तिला रोज चंदन, हळद, कुंकू. जुनं काढून नवं लावायची सोय नव्हती, कारण सवाष्ण देवीचं कुंकू पुसायचं कुणी? म्हणून नव्यावर नवं, त्यावर आणखी नवं. चार पिढ्या असं चाललं. डॉलर कुठे दिसतच नव्हता. तबकात एक लाल, गुबगुबीत लाडू बसलेला असायचा आणि सगळे त्याला नमस्कार करायचे.

वडील, म्हणजे अप्पा, गेले तेव्हा घर मुरलीकडे आलं, दागिने मोठी बहीण भुवना हिच्याकडे गेले, भांडी वाटून झाली. देवीचे दोन तुकडे करता येईनात. म्हणून ठरलं, आडी, म्हणजे तमिळ आषाढ महिन्यापासून पोंगलपर्यंत देवी तंजावरात मुरलीकडे, आणि पोंगलपासून आडीपर्यंत पापनाशमला भुवनाकडे. दर सहामाहीला देवी पितळी डब्यात बसून बसनं प्रवास करायची. तिकीट नाही, खिडकीची जागा मात्र हवी.

तर त्या भोगीला मुरलीनं देवीला चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं. अक्काकडे पाठवायची, तर स्वच्छ पाठवावी, एवढाच त्याचा हेतू. दुपारपर्यंत पाणी लाल झालं, मग तपकिरी, मग त्याला सांगता येणार नाही असा रंग आला. संध्याकाळी त्यानं बोटं घालून नाणं बाहेर काढलं.

"ही कोण?" सरोजानं विचारलं.

"आपली देवी."

सरोजानं नाणं उजेडात धरलं. "हनुवटी कसली हो हिची. आणि नथ नाही, कुडी नाही."

मागच्या बाजूला पंख पसरलेला पक्षी निघाला. मुरलीला आनंद झाला. "हा बघ गरुड. म्हणजे विष्णुपत्नीच. पणजोबांचं चुकलं नव्हतं."

सकाळी पोंगलच्या पूजेला नवं कुंकू लावू, असं म्हणून त्यानं तिला तबकात ठेवलं. रात्री सरोजाला कळा सुरू झाल्या. पोंगलला मुलगी झाली. मुलगी झाली म्हणजे सोयर आलं, आणि सोयरात देवाला शिवायचं नाही. देवघराचं दार लोटलं गेलं. देवी आत तशीच राहिली, गोरी, कोरी, कपाळ मोकळं.

बारशाच्या दिवशी भुवना आली. नवरा गिरीश बरोबर होता. गिरीश कोणत्याही गोष्टीवर "बघू" एवढंच म्हणायचा, आणि त्यामुळे घरात त्याला फार समंजस मानत. घरचे भटजी रामस्वामी वाध्यार, त्यांनी पुण्याहवाचन केलं, घरभर पाणी शिंपडलं, सोयर संपलं. आतल्या खोलीच्या दाराशी पाळणा फुलांनी सजला. अशुभ राहुकाळ लागायच्या आत आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, की जेवणं. नाव शांभवी ठरलं होतं. आत्या ही एकच होती. आई लवकर गेली तेव्हा मुरलीला न्हाऊमाखू घालून, त्याचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन शाळेत नेणारीही हीच.

"आधी देवीला नमस्कार करतें," असं म्हणून भुवना देवघरात गेली. गेली तशी परत आली. आवाज अगदी हळू.

"मुरली, देवी कोठे आहे?"

"तबकात आहे की, अक्का."

"तबकांत कोण परकी बाई बसलीय."

"ती हीच. मी अंघोळ घातली."

"मी रोज अंघोळ करतें. मी झालें काय गोरी?" भुवनानं तबकच बाहेर आणलं आणि पाहुण्यांच्या मध्ये ठेवलं. "आमची देवी लाल. अंगानं भरलेली. ही बघा. चार दिवस जेवली नसेल."

"ते सगळं कुंकू होतं, अक्का. मी काढलं."

वाध्यारांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. सरोजानं आतल्या खोलीच्या दारात डोळे मिटून घेतले.

"देवीचं कुंकू पुसलंस?" भुवनानं विचारलं. मग तिनं मान हलवली. "नाही. तू मंद आहेस, पण एवढा पापी नाहीस. मी वाढवलंय तुज. तू देवी विकलीस किंवा हरवलीस, आणि मज फसवायला ही आणून ठेवलीस. तेवढं तू करशील."

मुरलीला क्षणभर बरंच वाटलं. मग लक्षात आलं की हे बरं वाटण्यासारखं नाही.

"ही खरी आहे की खोटी, ते मज दाखव," भुवना म्हणाली. "त्यावर मी ठरवतें. नाहीतर मी निघतें. तुझ्या लेकीच्या कानांत तूच बोल. आणि पुढे पापनाशमचा रस्ता विसर."

"अहो, काहीतरी बोला," मुरली गिरीशला म्हणाला.

"बघू," गिरीश म्हणाला.

अशा वेळी प्रत्येक घरात एक सतीशकुमार पुढे होतो. इथल्याचं नावच सतीशकुमार होतं. सरोजाचा धाकटा भाऊ, मोबाइलच्या दुकानात कामाला, आणि जगातल्या कोणत्याही विषयाचे व्हिडिओ अर्धे पाहिलेला. "भावोजी, काळजी करू नका. नाणं नकली आहे का ते ओळखायच्या परीक्षा असतात. वजन, चुंबक, आवाज. आत्ता सांगतो."

वाध्यारांनी घड्याळाकडे पाहिलं. "राहुकाळाच्या आत सांग."

आधी वजन. खऱ्या डॉलरचं वजन सत्तावीस ग्रॅमच्या जरा आत असतं, हे फोननं सांगितलं. घरात काटा होता तो बाळाचा. त्यावर नाणं ठेवलं तर काटा शून्याच्या पुढे जाईना. त्याच्या हिशेबी एवढं लहान बाळ जन्मत नाही. सतीशकुमारनं उपाय काढला. बाळासकट नाण्याचं वजन करायचं, मग नुसत्या बाळाचं, आणि वजाबाकी. बाळाला काट्यावर निजवलं, पोटावर डॉलर ठेवला, आकडा पाहिला. डॉलर उचलला. गार नाणं पोटावरून निघाल्याच्या आनंदात बाळानं दुपटं भिजवलं. सरोजानं लगेच दुपटं बदललं. दुसरं दुपटं पातळ होतं. वजाबाकी केली, तर डॉलर शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅमच्या पुडीएवढा भरला.

"शिशाचा असणार," एक काका म्हणाले. "शिसं जड असतं."

भुवना तबकाकडे बघत बसली.

"हे वजन धरायचं नाही," सतीशकुमार म्हणाला. "आता चुंबक. चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर खोटं." फ्रिजवर मोरावर बसलेल्या मुरुगनचं चित्र असलेलं एक चुंबक होतं, ते आणलं. डॉलर ताटलीत ठेवून त्यावर मुरुगन टेकवला. मुरुगन घट्ट बसला. सतीशकुमारनं तो वर उचलला तर मुरुगन, डॉलर आणि ताटली सगळेच वर आले.

खोलीत हळहळ पसरली. मुरली भिंतीला टेकला. तो हयातीत कधी खोटं नाणं हाताळलेला माणूस नव्हता. वीजमंडळाच्या ऑफिसात बसायचा, तिथे लोक त्याला शिव्या द्यायचे, खोटी नाणी देत नसत.

"ताटली एव्हरसिल्वरची, स्टीलची आहे," आतून सरोजा म्हणाली. "चुंबक ताटलीला चिकटलंय. मध्ये नाणं नुसतं अडकलंय."

ताटली काढली. मुरुगन डॉलरवरून घसरून खाली पडला. त्याला अमेरिकेत रस नव्हता.

"आता आवाज," सतीशकुमार म्हणाला. "फरशीवर टाकायचं. खणखणीत वाजलं तर चांदी, बद्द वाजलं तर नकली."

"देवीला फरशीवर आपटणार?" वाध्यार उठले. "माझ्यासमोर?"

"खोटी असली तर देवी नव्हे, वाध्यार."

"आणि खरी असली तर? पाप कुणाला? मला दक्षिणा बारशाची मिळते, याची नाही."

चर्चा झाली. मधला मार्ग निघाला. फरशीवर वाध्यारांचं रेशमी उपरणं चार पदरी घालायचं आणि त्यावर देवीला टाकायचं, म्हणजे परीक्षाही होईल आणि लागणारही नाही. सगळे पुढे वाकले. सतीशकुमारनं नाणं सोडलं.

धप्.

"बद्द," काका म्हणाले.

मुरलीला हसावं की रडावं कळेना. आपण सांगतो ते कुणी ऐकत नाही आणि नाणं सांगतं ते कुणी ऐकू देत नाही. तो भुवनाजवळ जाऊन बसला. "अक्का, तुझी शपथ, हीच ती. चिंचेच्या पाण्यात घातली एवढाच माझा गुन्हा."

"परीक्षा होऊ दे," भुवना म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. लहानपणी त्याचं प्रगतिपुस्तक बघताना ती अशीच बघायची.

शेवटी सतीशकुमारला व्हिडिओचा राहिलेला अर्धा भाग पाहायचं सुचलं. त्यात नाणं आपटत नव्हते. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारत होते. त्यानं तसं केलं. बारीक, स्वच्छ, लांबलचक नाद निघाला आणि खोलीभर फिरत राहिला. पाळण्यातलं बाळसुद्धा रडायचं थांबलं. मग नाण्याची कड पाहिली. चहूकडे सारख्या बारीक रेघा, कुठे सांधा नाही, कुठे झिलईखालचं तांबं डोकावत नाही. गरुडाची पिसं फोनवरच्या चित्राशी जुळवली. पीस न् पीस जुळलं. शेवटी फ्रिजमधला बर्फाचा खडा डॉलरवर ठेवला. चांदीवर बर्फ लगेच विरघळतो म्हणे. खडा बघता बघता बसला, पाणी ओघळलं, आणि वाध्यारांनी सवयीनं श्रीसूक्त म्हणायला सुरुवात केली.

"अस्सल," सतीशकुमारनं निकाल दिला. "शंभर टक्के खरा अमेरिकन डॉलर. जुना. चांदीचा."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी आपण आधीच ओळखलं होतं असं सांगितलं. मुरलीच्या छातीवरची शेगडी कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं झालं. तो हसत उठला. "ये अक्का. पाळण्याजवळ ये."

भुवना उठली, आणि तिनं पिशवी खांद्याला लावली.

"मग ही आमची नव्हेच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमची खोटी होती."

सतीशकुमारनं फोन खाली ठेवला. 

"अप्पांनी शेवटच्या दुखण्यांत मज एकटीला सांगितलं. तुज सांगितलं नाही, तू पोटांत ठेवणार नाहीस म्हणून. पणजोबांनी नागपट्टणांत एका सावकार चेट्टियारांना ते नाणं दाखवलं होतं. चेट्टियारांनी दांतानं चावून बघितलं आणि हसले. खलाशानं फसवलं होतं. सार फुकट गेलं. पणजोबांनी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, देवघरांत बसवली. अप्पा म्हणाले, नाणं खोटं असेल, देवी कशी खोटी? चार पिढ्यांचं हळदकुंकू खोटं काय?" तिचा आवाज जरा ओला झाला. "मी त्या खोट्या देवीला मुलांच्या परीक्षा सांगितल्या. यांचं ऑपरेशन सांगितलं. तिनं सगळं केलं. आणि तू तिला काढून तिच्या जागी ही श्रीमंत बाई बसवलीस."

"चेट्टियार चुकले असतील, अक्का," मुरली म्हणाला. "चावून कुठं कळतं?"

"अप्पा चुकले काय?"

 मुरलीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. सकाळपासून तो देवी खरी आहे म्हणून जीव तोडून सांगत होता. आता ती खोटी आहे असं सिद्ध करायचं, आणि तेही सतीशकुमारनं सगळ्या परीक्षा पास करून दिल्यावर. खरं नाणं चोरून खोटं ठेवणारे जगात पुष्कळ असतील. खोटं चोरून खरं ठेवल्याचा आळ आलेला माणूस बहुधा तो एकटाच.

"वाध्यार, तुम्ही तरी सांगा."

"राहुकाळ जवळ आलाय," वाध्यार म्हणाले.

"यांना जरा आत पाठवा," सरोजाचा आवाज आला. मुरली नाणं घेऊन आत गेला. बाळंतिणीनं अजून देवाला शिवायचं नव्हतं, म्हणून ती भिंतीशी सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "मी हात लावायची नाही. मी सांगतें तसं करा. तांदळाचं पीठ घ्या. चंदनांत कालवा. थापा."

"सरोजा, हे बरोबर नाही."

"अंघोळ बरोबर होती?"

मुरलीनं थापलं. बाईचा मुकुट गेला, हनुवटी गेली, नाक गेलं. मागचा गरुड पिठात बुडाला. "हळद. आता कुंकू. आणखी. चार पिढ्यांचं आहे, हात आखडू नका. डाव्या बाजूला जरा फुगीर, तशीच होती."  घामाचे थेंब पडले, त्यानं कुंकू छान मुरलं. खऱ्या देवीची हुबेहूब नक्कल तो त्याच देवीवर चढवत होता. वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि तबक बाहेर नेलं.

भुवनानं पाहिलं. पिशवी खांद्यावरून खाली आली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं तबक डोळ्यांना लावलं.

"ही," ती म्हणाली. "हीच आमची. कोठे होती?"

"फ्रिजच्या मागे पडली होती," आतून सरोजा म्हणाली. "झाडताना."

"फ्रिजच्या मागे," भुवना देवीला म्हणाली. "माझी बाई. किती गारठलीस." मग मुरलीच्या डोक्यावर तिनं टपली मारली, शाळेच्या दिवसांतली. "हरवली होती तर सांगायचं मज. दुसरी विकत कशास आणायची? तुझं लहानपणापासून असंच. पाटी फोडायची आणि नवी घेऊन यायची."

"हो, अक्का," मुरली म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

भुवनानं पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. शांभवी. तिनं ते तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू, आणि तिसऱ्या वेळी तिचे डोळे वाहायला लागले. बायकांनी पाळणा गायला. मुरलीलाही भरून आलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या. त्याला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. न्हाण्याचा विषय मात्र त्यानं लगेच मनातून काढून टाकला.

"आता त्या दुसरीचं," भुवना घुगऱ्या खात म्हणाली.

"कोणती दुसरी?"

"ती गोरी. तू कोठून आणलीस ते मी विचारीत नाही. पण आपल्या देवघरांत बसली, वाध्यारांनी अभिषेक केला, श्रीसूक्त झालं. आता ती घरचीच. तिच्यांतही माझा वाटा. लाल माझ्याकडे असेल तेव्हा गोरी तुझ्याकडे. आडीला लाल तुज देतें, गोरी मज दे. कुणाच्या घरांत जागा रिकामी नको."

"रास्त आहे," काका म्हणाले.

"भावोजी, कुठंय ती?" सतीशकुमारनं फोन वर धरला. "मला फोटो टाकायचाय. परीक्षा घेतल्या त्या नाण्याचा."

मुरलीनं दाराकडे पाहिलं. आत सरोजा पाळण्याची दोरी फार लक्ष देऊन ओढत होती, जणू जगात तेवढंच काम उरलं आहे. तबकात लाल देवी बसली होती. डाव्या कडेला पीठ वाळायला लागलं होतं आणि तिथे एक बारीक चीर पडली होती. त्या चिरेतून काहीतरी पांढरं लुकलुकत होतं. मुरलीनं फूल तिकडे सरकवलं.

आणि इतकी वर्षं त्या घरात ज्यानं कधी दुसरा शब्द काढला नव्हता, तो गिरीश घुगऱ्यांचा द्रोण खाली ठेवून बोलला.

"दोघींना शेजारी शेजारी ठेव ना, मुरली. एकदा बघू."

"ठेव की," भुवना म्हणाली. "पुढे कधी एकत्र येणार नाहीत. आजच्या दिवस भेटू देत बहिणी बहिणी."

मुरली उठला. देवघरापर्यंत गेला. देवघरातल्या देवीच्या रिकाम्या जागेसमोर हात जोडून उभा राहिला, कारण हात जोडण्याखेरीज त्याच्याकडे करण्यासारखं काही नव्हतं.

"आता नको," मागून वाध्यार म्हणाले. "राहुकाळ लागला. आता देवाला हलवायचं नाही. संपला की काढा."

सगळे बसून राहिले. भुवना देवीच्या तबकाशेजारी मांडी घालून बसली. मुरलीला जन्मात पहिल्यांदाच राहुकाळ संपू नये असं वाटत होतं.